लॅबचा ओटा कसला असावा?

पुतणीनं डीएमएलटी केलं आणि घराच्या पुढच्या दहा बाय बाराच्या खोलीत रक्त-लघवी तपासणीची लॅब काढायचं ठरवलं. कर्ज यंत्रांतच संपलं, ओट्यासाठी थोडेच पैसे उरले. माझी नोकरी कॉलेजच्या रसायनशाळेत झालेली, तेव्हा "आत्या, ओट्याला कसला दगड घालू?" हा प्रश्न माझ्याकडेच आला.

गवंडी म्हणाला, "कडप्प हाक्री अक्का." स्वस्त पडतो, हे खरंच. पण कडप्पा काय, शहाबादी काय, कोटा काय, सगळे चुनखडीचेच दगड. स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो, तो त्यामुळेच. आम्ल हा दगड खातं. लॅबमध्ये तर क्षयाची थुंकी तपासायची झाली तर २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड लागतं. खरखरीत झालेल्या दगडात रक्त मुरलं, की ते पुसून निघत नाही. आणि त्याच ओट्यावर दिवसभर हात टेकून काम करणार आपली पोर! संगमरवराचीही तीच गत.

प्लायवूडवर सनमायका दिसतो छान, पण सिंकजवळ कडेनं पाणी शिरलं की फुगतो. स्टील बरं, मात्र सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट ओतावं लागतं, आणि ते तसंच राहिलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. प्रत्येक वेळी नंतर पाण्यानं पुसायला हवं. घाईच्या वेळी कोण पुसतं?

मी ग्रॅनाइटच सांगितला. इलकलचा लाल ग्रॅनाइट म्हणजे इरकली लुगड्याचा गाववालाच, मला फार आवडतो. पण लाल किंवा काळ्या दगडावर वाळलेला रक्ताचा थेंब दिसत नाही, म्हणून फिकट करडा घेतला. सांधे सिमेंटनं नव्हे, इपॉक्सीनं भरून घेतले. सिमेंटलाही ॲसिड खातं आणि त्यात रक्तही मुरतं. भिंतीलगत चार इंच पट्टी उभी लावली, म्हणजे सांडलेलं फटीत जात नाही.

उंचीवरून थोडा वाद झाला. गवंड्याला सगळा ओटा एकाच उंचीचा हवा होता. उभ्यानं करायच्या कामाला तीन फूट ठीक, पण मायक्रोस्कोपपुढे तासन्‌तास बसायचं, तिथे अडीच फूटच बरा. शिवाय सेंट्रिफ्यूज त्याच दगडावर ठेवला तर तो फिरू लागताच मायक्रोस्कोपखालचं चित्र थरथरतं. म्हणून मायक्रोस्कोपला वेगळा, भिंतीत रोवलेला छोटा दगड दिला.

पैशांचं म्हणाल, तर ग्रॅनाइट फक्त सिंक आणि रसायनांच्या बाजूला सहा फूट आणि तो छोटा दगड, एवढाच घातला. रिपोर्ट लिहायला आणि कॉम्प्युटरला माळ्यावरचं जुनं सागवानी टेबल काढलं. त्याच्यावर नमुन्याची बाटली ठेवायची नाही, अशी चिठ्ठी पुतणीनं मराठीत आणि कन्नडमध्ये चिकटवली आहे.