बांधून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे

आपल्या वाडीत कोणाला दिसत नाही. कोणाला ऐकू येत नाही. कोणाचा पाय लुळा असतो. कोणाची बुद्धी लहान मुलासारखी राहते, तर कोणाच्या मनाला आजार जडतो. अशा माणसांना पूर्वी अपंग म्हणत. आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला, हे चांगलेच झाले. पण आपली वागणूक बदलली का? आज त्याचा विचार करू.

जुलूम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काठी येते. पण जुलूम काठीनेच होतो असे नाही. उपाशी ठेवणे हा जुलूम आहे. खोलीत कोंडणे हा जुलूम आहे. लंगड्याची काठी लपवून मजा बघणे हाही जुलूमच. मुक्या मुलीला सांगता येत नाही, म्हणून तिच्या अंगाला हात लावणारे नराधम असतात. तो तर फार मोठा गुन्हा.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आम्ही मालवण तालुक्यातल्या एका गावी शाळेत होतो. शाळेच्या वाटेवर एक घर होते. त्या घराच्या मागच्या पडवीत दहा-बारा वर्षांचा एक मुलगा असे. त्याच्या पायाला दोरी आणि दोरी खांबाला. आम्ही रोज त्या वाटेने जात होतो. रोज बघत होतो. पण घरची गोष्ट म्हणून गप्प बसलो. असे दोन पावसाळे गेले.

एके दिवशी धीर करून त्याच्या आईला विचारले. ती रागावली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मास्तर, मी मासे विकूक गेलंय तर हेका कोण बघतलो? बाव उघडी, समोर दर्या."

आम्हाला उत्तर देता आले नाही. ती आई दुष्ट नव्हती. ती एकटी पडली होती. तिला मदत कोणी केली नाही, आम्हीही नाही. मग शेजारच्या दोन घरांनी पाळ्या लावल्या. सकाळचे दोन तास मुलगा शाळेत येऊन बसू लागला. त्याला फेफरे येत असे, म्हणून डॉक्टरला दाखवले. गोळ्या सुरू झाल्या आणि फेफरे कमी झाले. आज तो मोठा बाप्या आहे. झावळ्यांचे हीर काढतो, केरसुण्या बांधतो. पण दोरीचा व्रण त्याच्या पायावर अजून आहे. तो व्रण आम्हाला आमच्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याची आठवण देतो.

बांधल्याने आजार बरा होत नाही. अंगाला जखमा होतात, हातपाय बारीक होतात, मन आणखी बिघडते. आणि संकट आले तर बांधलेल्या माणसाला पळताही येत नाही. तामिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्ग्याजवळ मनाच्या आजाराची माणसे आणून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथल्या एका आश्रमाला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली होती. त्यांत २८ जण जळून मेले. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. मनाच्या आजाराच्या माणसाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने मनाई आहे.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. पनवेलजवळ कळंबोलीला मतिमंद मुलींचा एक आश्रम होता. बाहेरून सर्व ठीक दिसे. आत मुलींवर अत्याचार होत होते. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीची माणसे २०११ साली आत गेली, तेव्हा ते उघडकीस आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने आश्रमाच्या प्रमुखाला आणि इतरांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. यातून काय शिकावे? बंद दाराआड काय चालते, ते कोणीतरी जाऊन बघितले पाहिजे.

काही लोक म्हणतात, ह्याला भूत लागले आहे, देवचाराने धरले आहे. मग त्याला बांधतात, चाबकाने मारतात, मिरच्यांची धुरी देतात. महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरला आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. देवाला गाऱ्हाणे घाला, त्याला कोणाची हरकत नाही. पण माणसाला मारू नका आणि डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका.

दिव्यांगांच्या हक्कांचा मोठा कायदा २०१६ साली झाला. दिव्यांगाला चारचौघांत मुद्दाम हिणवणे, त्याचा अपमान करण्यासाठी अंगावर हात टाकणे, ताब्यात असताना अन्नपाणी न देणे, त्याची काठी किंवा कुबडी मोडणे, हे सर्व त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मुकी बाई साक्ष कशी देणार, असे कोणी विचारील. तिने खुणांनी सांगितलेले न्यायालयात चालते. खुणा समजणारा माणूस मदतीला देतात. दिव्यांग बाईची साक्ष केवळ ती दिव्यांग आहे म्हणून कमी धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे.

मग आपण काय करावे?

डोळ्यांदेखत मारहाण चालली असेल तर ११२ हा नंबर फिरवून पोलिसांना बोलवा. मूल असेल तर १०९८. तहसीलदारांकडेही खबर देता येते. ते कार्यकारी दंडाधिकारी असतात. अशी खबर आली की त्यांनी जुलूम थांबवून त्या माणसाची सोडवणूक करायची असते. खबर घरच्याच माणसाने द्यावी असे नाही. शेजारी देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर खटला होत नाही. दिव्यांगाला वकीलही फुकट मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

मनाचा आजार असेल तर १४४१६ या नंबरावर फुकट सल्ला मिळतो. ओरोसला जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय आहे. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे.

पण सगळ्यात आधी शेजारधर्म. वादळ उठले तर आपण दुसऱ्याची होडी ओढायला धावतो. ती कोणाची, हे विचारीत नाही. शेजारच्या पडवीत कोणी बांधलेला असेल, तर तिथेही असेच धावले पाहिजे. आधी त्या आईला विचारा, "बाये, तुका काय मदत होयी?" आम्हाला हे विचारायला दोन वर्षे लागली. तुम्ही दोन दिवसही लावू नका.