चार तास जळणारी बॅटरी

राजूरच्या बाजारात अडीचशे रुपयांना मिळालेल्या एलईडी बॅटरीच्या खोक्यावर ‘एक किलोमीटर’ असं ठळक छापलं होतं. पाचनईच्या मामांनी तिकडे पाहिलंही नाही. हरिश्चंद्रगडावर वाटाड्याचं काम करणाऱ्या या माणसाने आधी मागचं झाकण फिरवून काढलं, आट्यांवरची रबरी रिंग नखाने चाचपली आणि विचारलं, “चार तास जळंल का?” रात्री गडावर कुणी वाट चुकलं की गावातलीच माणसं शोधायला निघतात. चढायला, शोधायला आणि खाली आणायला एवढा वेळ हवाच, हा त्यांचा हिशोब. तो ऐकला आणि बॅटरी त्यांच्याच हाती तपासायची असं मी ठरवलं.

आत १८६५० जातीचा सेल होता: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. वर क्षमता छापलेली ९९०० मिलिअँपिअर-तास. या मापाच्या उत्तम सेलची क्षमता साधारण ३५०० पर्यंत जाते. मामांनी तो तळहातावर तोलला. “हलका लागतोय,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी गड चढलो. कोकणकड्याकडून धुकं आलं तशी मी बॅटरी डोळ्यांसमोर धरली; पुढे नुसता पांढरा पडदा. मामांनी माझं मनगट धरून हात मांडीपर्यंत खाली आणला, आणि ओल्या कातळावरची पायवाट लगेच दिसू लागली. उजेड तोच, पण आता धुक्यावरून उलटून डोळ्यांत येत नव्हता.

केदारेश्वराच्या गुहेत बॅटरीचा कस लागला. पिंडीभोवती गारठलेलं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. झोत अरुंद असल्याने तो खांब लख्ख दिसला, पण पायाशी पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. काच मागे ढकलून झोत पसरवला तेव्हा काठ दिसला. खरी खोट बटणात निघाली. तेज, मंद, लुकलुक आणि मग बंद, असा क्रम. विझवायची तर दर वेळी लुकलुक सोसावीच लागते. छताला वटवाघळं असतील तिथे हा छळ आहे.

मुक्कामाच्या गुहेत सेल पुन्हा भरून घेतला आणि घड्याळ लावलं. तेज उजेड तासाभरातच उतरला, दुसऱ्या तासाच्या शेवटी जेमतेम पायापुरता उरला. पुन्हा सेल भरून मंदावर लावली, तेव्हा मात्र चार तास निघाले. कंपन्यांच्या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘टिकाऊपणा’ म्हणून धरतात. मामांचं मोजमाप त्याहून कडक: पुढच्या माणसाची टाच दिसली पाहिजे.

तंबूत, चुलीपाशी, पाणवठ्यावर ही बॅटरी खुशाल न्या. गुहेत उतरणाऱ्यांचा तीन स्वतंत्र दिव्यांचा नियम आहे. त्यात हिची जागा तिसरी. पहिला दिवा डोक्यालाच बांधलेला हवा, म्हणजे दोन्ही हात कातळाला मोकळे राहतात. आणि पैसे वाढवायचेच असतील तर ते लांब झोतावर घालवू नका, खात्रीच्या सेलवर घाला. खोक्यावरचा किलोमीटर गडावर कुणाच्याच उपयोगाचा नाही.