सातच्या बातम्या आणि सातची गोळी



रक्तदाबाची माझी गोळी संध्याकाळी सात वाजता असते. गेली चौदा वर्षे ती मी कधी चुकवली नाही, असे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे. गेल्या वर्षी दुबईला गेले आणि तो अभिमान उतरला. निमित्त झाला मुलाच्या घरातला स्मार्ट टीव्ही. हसू नका, हे तुमच्याही घरात घडू शकते, म्हणूनच लिहिते आहे.

२०२५ च्या जुलैत मुलाने बोलावून घेतले. तिकडे त्या दिवसांत शाळांना मोठी सुट्टी असते. मुलगा-सून दोघेही नोकरीवर जाणारे, नातवंडांना सोबत हवी होती. इकडे ठाण्यात पाऊस कोसळत होता आणि तिकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारची बंदी असते, यावरून उन्हाची कल्पना करा. मग माझ्यासारखी म्हातारी जाणार कुठे? खिडक्या बंद, एसी चालू आणि मी टीव्हीपुढे.

स्मार्ट टीव्ही म्हणजे इंटरनेटला जोडलेला टीव्ही. रिमोटवरचे एक बटण दाबून आपण बोलायचे आणि हवे ते पाहायचे. पहिल्याच दिवशी नातवाने विचारले, "आजी, काय लावू?" मी म्हटले, "बूट पॉलिश." क्षणात १९५४ चा तो सिनेमा हजर! त्यातले जॉनचाचा म्हणजे आपले डेव्हिड. याच भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. "हे आपल्या बेने इस्राएल समाजातले," असे सांगितल्यावर नातू शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिला. त्या दिवशी मी त्या टीव्हीला मनापासून दुवा दिला.

आता गोळीची गोष्ट. घरी सह्याद्री वाहिनीवर सातच्या बातम्या लागतात. आमचे यजमान होते तेव्हा बातम्यांचे संगीत वाजले की ते आतून हाक मारायचे, "सिस्टर, गोळी!" ते गेले. पण संगीत ऐकले की माझा हात आपोआप डबीकडे जातच राहिला. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपले सात म्हणजे तिथले साडेपाच, आणि तीच मुलांच्या खाण्याची वेळ. मी बातम्यांसाठी धडपडते हे पाहून नातू म्हणाला, "आजी, घाई कशाला? यूट्यूबवर बातम्या असतात, केव्हाही बघ." मग मी केव्हाही बघू लागले. कधी रात्री नऊला, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

बाराव्या दिवशी सकाळी डोके जड झाले. दोन्ही पावले सुजली होती. मुलाच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला तर १७८/९८! डबी उघडून गोळ्या मोजल्या, पाच जास्त निघाल्या. बारा दिवसांत पाच गोळ्या मी घेतल्याच नव्हत्या आणि मला पत्ता नव्हता. पस्तीस वर्षे वॉर्डात दुसऱ्यांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणारी मी! मुलाने लगेच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, ईसीजी काढला. सुदैवाने काही बिघडले नव्हते. गोळी ठरलेल्या वेळी सुरू झाली आणि काही दिवसांत रक्तदाब ताळ्यावर आला.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हापासून आपल्या पिढीला टीव्हीने वेळ पाळायला लावली. बातम्या ठरलेल्या वेळी आणि रात्री कार्यक्रम संपले की पडद्यावर काही नसायचे. टीव्ही संपला म्हणून आपण उठत होतो, झोपत होतो. स्मार्ट टीव्ही संपतच नाही. मालिकेचा एक भाग झाला की काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो. सोय मोठी आहे, पण आता वेळ आपली आपण पाळायची आहे. त्यासाठी मी स्वतःला घालून घेतलेले नियम सांगते.

पहिला नियम औषधाचा. गोळी कार्यक्रमाशी जोडू नका. जेवणाशी जोडा किंवा मोबाइलवर गजर लावा. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी घ्या, चुकलेली गोळी लगेच दिसते. एक दिवस गोळी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. परदेशी जाताना गोळीची वेळ कशी ठेवायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

दुसरा बसण्याचा. पायांतले रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. आपण हललो नाही तर तेही काम करत नाहीत आणि पाय सुजतात. म्हणून अर्ध्या तासाने उठा, घरात दोन फेऱ्या मारा. उठता येत नसेल तर बसल्या जागी टाचा वर-खाली करा. मात्र एकाच पायाला अचानक सूज आली, तो दुखू लागला, गरम लागला, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या पायात रक्ताची गाठ असू शकते.

तिसरा डोळ्यांचा आणि पाण्याचा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यात एसीची कोरडी हवा. दर वीस मिनिटांनी नजर काढून लांब पाहा. आपल्या वयात तहान लागलेली नीट कळत नाही, म्हणून तांब्या जवळ ठेवा आणि घोट घोट पीत राहा. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

चौथा झोपेचा. पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करता येते आणि ठरावीक वेळाने टीव्ही बंद व्हावा अशीही सोय बहुतेक टीव्हींत असते. नातवंडांकडून दोन्ही करून घ्या. झोपण्याआधी तासभर पडदा नको.

पाचवा, टीव्हीवरच्या 'डॉक्टरां'चा. अमुक रस प्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, असे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ असतात. ते पाहून स्वतःची गोळी कधीही थांबवू नका.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते. उन्हात हे कसे जमवायचे? त्या ऑगस्टमध्ये दुबईत 'मॉलॅथॉन' नावाचा उपक्रम झाला. सकाळी सात ते दहा मोठमोठे मॉल लोकांना चालण्यासाठी खुले होते. सूनबाईने मला कामावर जाण्याआधी तिकडे नेले. गारव्यात, सपाट फरशीवर मी रोज अर्धा तास चालले. पावसाळ्यात आपल्याकडे इमारतीचा व्हरांडाही चालेल.

टीव्ही वाईट नाही. एकट्या माणसाला तो आधार आहे, हे मला नव्याने सांगायला नको. पण "गोळी घेतलीस का?" असे तो विचारणार नाही. ज्यांच्या घरी विचारणारे माणूस आहे त्यांनी त्याचे ऐकावे. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एका शेजाऱ्याला किंवा दूरच्या मुलाला रोज फोन करून विचारायला सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आणि आता एक काम करा. अंक बाजूला ठेवा, उठा, डबी आणा आणि गोळ्या मोजा.