कॉन्व्हेंटचं दार कुणासाठी उघडतं?

काशीत नारद घाटाजवळ राजा घाट आहे. त्याचं जुनं नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी तह करून सालिना सात लाखांच्या तनख्यावर उत्तरेत आले. त्यांनी हा घाट पक्का बांधून घेतला आणि १८२४ मध्ये काशीतच देह ठेवला. त्यांच्या आधी आणि त्यांच्या मागोमाग आलेली मराठी घरं काशीच्या गल्ल्यांत अजून नांदत आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी. शाळेसाठी मात्र डोळे लागलेले असतात इंग्रजीकडे.

नातीला ‘सेंट’ नावाच्या शाळेत घालायचं ठरलं, की अशा घरांत दोन तट पडतात. सूनबाई गोदौलियापर्यंत चालत जाऊन तिथून छावणीसाठी रिक्षा करतात, फॉर्म कधी मिळणार याची चौकशी करून येतात. आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, “कशाला धावपळ करता? ते आधी आपली माणसं घेतात, मग देणगीवाले. आपला नंबर लागायचा नाही!”

आजोबांचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल न्यायालयाने काही सांगून ठेवलं आहे. तिसरं मात्र आकड्यांपुढे टिकत नाही.

आधी कोण, मग कोण?

कॅथलिक शाळा ही बहुधा धर्मप्रांताची किंवा एखाद्या धर्मसंघाची असते. मूळ हेतू आपल्या समाजाच्या मुलांना शिकवण्याचा, त्यामुळे प्रवेशाच्या रांगेत कॅथलिक मूल पुढे उभं राहतं. त्याच्यासाठी जन्मदाखल्याबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. बऱ्याच शाळा पॅरिशच्या धर्मगुरूंचं पत्रही मागतात. नुसतं आडनाव फर्नांडिस किंवा डिसोझा असून भागत नाही. हे कुटुंब आपल्या चर्चचं आहे, असं धर्मगुरूंनी लिहून द्यावं लागतं. त्यांच्यानंतर इतर पंथांचे ख्रिस्ती, शाळेत आधीच शिकत असलेल्या मुलांची भावंडं, कर्मचाऱ्यांची मुलं आणि मग बाकीचे सगळे. शाळेगणिक हा क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण साचा हाच.

यात बेकायदा काही नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. सेंट स्टीफन्स कॉलेज हे कॅथलिकांचं नव्हे, पण ख्रिस्ती समाजाचंच. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आपल्या समाजाच्या विद्यार्थ्यांना निम्म्या जागांपर्यंत प्राधान्य द्यायला मान्यता दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांनी ती ठरावीक टक्केवारी सैल केली. मात्र प्रवेशाची पद्धत उघड आणि न्याय्य असावी, असंही बजावलं. इतर धर्मांची मुलं घेतली म्हणून शाळेचं अल्पसंख्याक स्वरूप जात नाही, हे तर १९५८ मध्येच केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना न्यायालयाने सांगून टाकलं होतं.

आता आजोबांच्या नंबरविषयी. २०११ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशातले ख्रिस्ती होते सुमारे साडेतीन लाख, म्हणजे दर हजारी दोनसुद्धा नाहीत. कॅथलिक त्याहून कमी. प्रत्येक कॅथलिक मुलाला आधी घेतलं, तरी अशा ठिकाणी शाळेचे वर्ग भरायचे ते इतरांच्याच मुलांनी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ख्रिस्ती शाळांमधले ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते. वसईसारख्या भागात गोष्ट निराळी. तिथे मराठी बोलणारा कॅथलिक समाज गावंच्या गावं भरून आहे आणि ‘आधी आपले’ या शब्दांना तिथे खरोखर वजन येतं. काशीत नात मागे राहते ती बाप्तिस्मा नसल्यामुळे क्वचितच. एका जागेसाठी तिच्यासारखीच कितीतरी मुलं उभी असतात, खरी अडचण ती आहे.

म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. या शाळांचं दार मोठं उघडतं ते नर्सरी किंवा केजीला. आठवी-नववीला खालून वर आलेल्या मुलांनीच बाकं भरलेली असतात. कुणाची बदली होऊन जागा रिकामी झाली, तरच बाहेरच्याला संधी. दहावीला थेट प्रवेश नसल्यासारखाच असतो, कारण मंडळाची नोंदणी नववीतच झालेली असते. वडिलांची बदली झाली असेल तर बदलीचा हुकूम, आधीच्या शाळेची टीसी आणि गुणपत्रिका घेऊन जावं. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे निघण्यापूर्वीच विचारावं. एका सहीसाठी पुन्हा पुण्याला जाण्याची पाळी येऊ नये.

देणगीचं म्हणाल, तर २००५ च्या इनामदार खटल्यात (तोही महाराष्ट्रातूनच गेलेला) न्यायालयाने सांगितलं, की संस्थेने फी ठरवावी, पण कॅपिटेशन फी आणि नफेखोरी चालणार नाही. अल्पसंख्याक संस्थांनाही यातून सूट नाही. पावती न देता कुणी पैसे मागितले, तर ते शाळेसाठी नाहीत असंच समजावं.

आजीची काळजी वेगळीच. नातीला येशूची प्रार्थना म्हणावी लागेल का? कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांना नीतिशिक्षणाचा, अशी विभागणी बहुतेक शाळांत असते. शिवाय घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीतिरिवाज लादू नका, असं कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच २०२४ मध्ये आपल्या शाळांना कळवलं. आजीने तेवढ्यापुरतं निश्चिंत असावं.

हक्क आपलाही

‘ते आपली माणसं आधी घेतात’ असं म्हणताना अमृतरावांच्या घाटावरचा मराठी माणूस एक गोष्ट विसरतो. ३०वं कलम फक्त धर्माचं नाही, भाषेचंही आहे. आणि अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचं, असं २००२ च्या त्याच निकालाने सांगितलं. त्या मापाने उत्तर प्रदेशातले मराठी भाषक अल्पसंख्याकच. त्यांनी शाळा काढली, तर ज्या हक्काने फादर कॅथलिक मुलाला आधी घेतात, त्याच हक्काने त्यांनाही मराठी मुलांना आधी घेता येईल. मुंबईत गुजराती, सिंधी, तमीळ मंडळींच्या कॉलेजांमधल्या अकरावीच्या राखीव जागा महाराष्ट्रातल्या वाचकांना पाठ आहेत. त्या याच कलमाच्या. तिथे आपण बहुसंख्य म्हणून कुरकुरतो आणि काशीत अल्पसंख्य असून तो हक्क आपल्याला आठवतही नाही!

नावाड्याचं पोर

या सगळ्या चर्चेत एक मूल रांगेत दिसतच नाही. घाटावर नाव चालवणाऱ्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि खासगी शाळांनी पहिल्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्यात, असं ठरलं. २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या गेल्या. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही बाहेर काढल्या. मुलांची मुलाखत किंवा निवडचाचणी घ्यायची नाही, हा त्याच कायद्यातला नियमही त्यामुळे या शाळांना बांधत नाही.

परिणाम असा, की छावणीत राहणाऱ्या अधिकाऱ्याच्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये जागा मिळते, गल्लीतल्या मराठी पुरोहिताच्या नातीलाही मिळू शकते, पण नावाड्याच्या मुलीला मोफत जागा मागण्याचा हक्क तिथे नाही. बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालात अल्पसंख्याक शाळांमधल्या वंचित मुलांचं प्रमाण ८.७६ टक्के निघालं. बिशप परिषदेचं २००७ चं शिक्षण धोरण तर गरिबांना अग्रक्रम द्यायला सांगतं. शाळेचं स्वातंत्र्य जपण्यासाठी मिळालेलं कवच गरिबाला बाहेर ठेवायच्या कामी येत असेल, तर शाळाचालकांना त्यांचंच धोरण उघडून दाखवायला हवं.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि त्याचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा का, हे ठरवण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. ते प्रकरणही महाराष्ट्रातल्या एका संस्थेचं होतं. नावाड्याच्या घरच्यांनी मोफत जागेचा अर्ज भरताना शाळा अल्पसंख्याक आहे का, हे आधी विचारून घ्यावं. असेल, तर फीमाफीसाठी मुख्याध्यापिकांकडे वेगळा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच मागून घ्यावी. सूनबाई तशाही फॉर्म आणायला छावणीत जाणारच आहेत; हा अर्ज लिहून द्यायला त्यांना फार तर दहा मिनिटं लागतील.