बाटली पोराच्या हातात देतं कोण?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला की आपण बोलतो ते घरधन्याच्या दारूवर. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची दारू मात्र "वय आहे, सुटेल" म्हणून बाजूला राहते. या वेळी तिच्याबद्दलच बोलू.

पहिला घोट पोराला कोण देतं, ते आधी बघा. बहुतेक वेळा तो देतो दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला मित्र. हळदीच्या रात्री डीजेच्या मागे अंधारात, मॅच जिंकल्यावर मैदानाच्या कडेला, नाहीतर वापी-उंबरगावच्या कंपनीत कुणाचा पहिला पगार झाला की. "घे रे, एवढ्याने काय होतंय?" त्या वेळी आई तिथे नसते, गुरुजीही नसतात. असतो तो दुसरा मित्रच. त्याने "नको, चल घरी" म्हटलं तरच पोरगा उठतो. म्हणून हे काम पाड्यातल्या तरुण पोरापोरींनीच पुढे होऊन करायचं आहे आणि आपण त्यांच्या पाठीशी राहायचं आहे.

"सुटेल" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. माणसाचा मेंदू पंचवीसच्या आसपासपर्यंत घडत असतो. अमेरिकेत हजारो लोकांची पाहणी झाली. तिच्यात पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी दर दहांत सुमारे चार जण पुढे कधीतरी दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आढळले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत ते प्रमाण दहांत एक होतं. महाराष्ट्राच्या कायद्यानेही बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे.

आपल्या तलासरी-डहाणूला आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे हद्दीचं. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, आणि जवळच दमण-दादराला कर कमी म्हणून दारू स्वस्त. ती चोरून इकडे आणायला कुणीतरी लागतं. शाळा सोडलेला, बाईक चालवता येणारा पोरगा त्यांना सोयीचा वाटतो. दोन खेपांचे पैसे मिळाले की त्यालाही कमाई वाटते. पकडला गेला की माल देणारा नामानिराळा राहतो.

इथे कायदा नीट माहीत करून घ्या. बाल न्याय कायदा 2015, कलम 77: अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम 78: मुलाकडून दारू विकवून घेणं, वाहून नेणं, चोरटी आणवणं यालाही तशीच शिक्षा. म्हणजे पोराला वापरणाऱ्यावरही गुन्हा होतो, हे ठाण्यात सांगता आलं पाहिजे. आणि हो, "जा रे, काकाकडून बाटली घेऊन ये" म्हणून घरातून पोराला पाठवणंही साधी गोष्ट नाही. ते आजपासून बंद करा.

कुणी म्हणेल, ताडी-मोहाची दारू तर आपल्या रीतीतच आहे. देवाला धार घालतात, लग्नात धवलेरी असते तिथेही लागते. खरं आहे. पण देवाच्या नावाने सांडलेले चार थेंब आणि नववीतल्या पोराने रिचवलेली क्वार्टर एक नव्हे. आणि दारू सोडणं हीसुद्धा इथलीच गोष्ट आहे. इंग्रजांच्या 1878 च्या अबकारी कायद्यानंतर घरची मोहाची गाळणं गुन्हा ठरलं आणि लोकांना ठेकेदाराच्या गुत्त्यावर पैसे मोजावे लागले. मग 1922 च्या सुमारास आपल्याच किनाऱ्यावरच्या मच्छिमार वस्त्यांतून देवीची चळवळ उठली. दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्याकडे जाऊ नका, असं देवी अंगात येऊन सांगायची. ती डोंगरपट्टीत आणि पुढे दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोचली. बाहेरच्या कुणी येऊन शिकवलेलं ते नव्हतं.

आता पोरं काय करू शकतात? अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि कॉलेजची मुलं 31 डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत चौकात दूध वाटतात. बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्यावर त्या रात्री काय चालतं ते आपण बघतोच, तिथेही हे जमेल. पण एका रात्रीने भागणार नाही. रोजची संध्याकाळ महत्त्वाची. आइसलँड नावाच्या छोट्या देशात 1998 साली पंधरा-सोळा वर्षांची 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत, 2016 पर्यंत ते 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना खेळ, गाणं, क्लब दिले आणि आईबापांनी मिळून ठरवलं की रात्री पोरं बाहेर राहणार नाहीत. आपल्याकडे कबड्डीचं मैदान आहे, तारपा आहे. दिवा लावायचा आणि चावी पोरांकडे द्यायची. टूर्नामेंटला मात्र दारूवाल्याची वर्गणी नको, हा नियम पोरांनीच लिहावा.

एक अवघड गोष्ट. विकणारी कधी कधी आपल्याच गटातली ताई असते, नवरा नाही आणि चूल त्यावरच चालते. पोरांनी तिच्या दारात आरडाओरडा करण्याआधी गटाने तिच्याशी बसून बोलावं. अठराच्या आतल्याला देणार नाही, हे आज कबूल करून घ्यावं. धंदा बदलायला गटातून कर्ज मिळेल का, हे त्याच बैठकीत ठरवावं.

गावाकडे ताकद आहे. दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने दारूवर बंदी घालण्याचा, विक्री आणि पिणं यांवर बंधन आणण्याचा अधिकार ग्रामसभेला मानला आहे, आणि महाराष्ट्राचे नियम 2014 पासून आहेत. परवान्याचं दुकान बंद करायचं तर आडवी बाटलीचं मतदान आहे. चोरट्या विक्रीला मतदान कशाला, तिला परवानाच नाही! तिथे ठराव आणि पोलीस. अठरा पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेत हात वर करू शकतो, म्हणून कॉलेजच्या मुलींना आवर्जून घेऊन जा. लहानांचं म्हणणं मांडायला ग्राम बाल संरक्षण समिती आहे, तिच्यात मुलांचेही दोन प्रतिनिधी असतात. तुमच्या गावात ती कागदावरच आहे का, हे अंगणवाडी ताईंना विचारा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या, पोच घ्या. मुलाला कुणी दारू देत किंवा वाहायला लावत असेल तर 1098 आणि 112. पोरगा आधीच अडकला असेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या नंबरवर बोला.