पिकाला संगीत हवे की कंपन?

पिकांना संगीत ऐकवल्यास त्यांची वाढ जोमाने होते, हा समज आपल्याकडे जुना आहे. अण्णामलाई विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. टी. सी. एन. सिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास संगीतामुळे वनस्पतींची वाढ व भाताचे उत्पादन वाढल्याचे प्रतिपादन केले होते. १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स’ या पुस्तकाने ही कल्पना जगभर पोहोचविली. तथापि, अशा प्रयोगांतील मुख्य अडचण तुलनेची असते. संगीताची व शांततेची खोली यांतील प्रकाश, तापमान, ओलावा आणि निगा तंतोतंत सारखी नसेल, तर फरकाचे श्रेय संगीताला देता येत नाही.

वनस्पती काय ओळखतात?

वनस्पतींना कान नाहीत. परंतु कंपनांना त्या प्रतिसाद देतात. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात हायडी अॅपल व रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळीच्या कुरतडण्याची कंपने मोहरीकुळातील अरेबिडॉप्सिसच्या पानांना दिली. पुढे प्रत्यक्ष अळ्या सोडल्यावर या रोपांत संरक्षक रसायने अधिक तयार झाली. वाऱ्याच्या किंवा अन्य कीटकाच्या गाण्याच्या कंपनांनी तसे घडले नाही. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, मधमाशीच्या गुंजनाची ध्वनिफीत ऐकविल्यावर ईनोथेरा या वनस्पतीच्या फुलांतील मकरंदात तीन मिनिटांत साखरेचे प्रमाण वाढते. सुरावटीपेक्षा ओळखीच्या कीटकाचे कंपन वनस्पतीस महत्त्वाचे असते, असे यावरून दिसते.

हरितगृहातील उपयोग

टोमॅटोचे परागकोश जुळून शंकू बनतो आणि पराग आतल्या बाजूस सुटतात. वांग्यात ते परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून बाहेर पडतात. दोन्ही फुले हलली तरच पराग मोकळे होतात. उघड्या शेतात हे काम वारा, तसेच फूल धरून पंखांचे स्नायू कंपित करणारे भुंगे व एकाकी माश्या करतात. पाळीव मधमाशीला असे कंपन करता येत नाही. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरितगृहांत बंबल-बी वापरल्या जातात. भारतात त्या प्रामुख्याने हिमालयात आढळतात.

दिल्लीभोवतीच्या सोनिपत, पानिपत, कर्नाल पट्ट्यातील बंदिस्त हरितगृहांत वाराही नाही आणि भुंगेही नाहीत. त्यातच डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ओलावा वाढून पराग चिकटतात व फळधारणा घटते. येथे ध्वनिक्षेपकापेक्षा फुलांच्या घोसाला प्रत्यक्ष दिलेले कंपन उपयोगी पडते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

* धुके निवळून फुले कोरडी झाल्यावर, सकाळी उशिरा, आधाराच्या तारा हलक्या हाताने हलवाव्यात किंवा बॅटरीवरील कंपक घोसाच्या देठास क्षणभर लावावा.
* ही क्रिया दर दोन-तीन दिवसांनी करावी. ओलावा साचू नये म्हणून वायुवीजन ठेवावे.
* परागीभवनाविना फळ धरणाऱ्या काकडीच्या वाणांत हा खर्च करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी एकाच हरितगृहात एक ओळ कंपनाची व एक ओळ विनाकंपनाची, अशा आलटून-पालटून ओळी ठेवाव्यात. प्रत्येक ओळीतील ठरावीक फुलांना खूण करून धरलेली फळे मोजावीत. संगीतयंत्रणेवर खर्च करण्यापूर्वी अशा मोजणीचा पुरावा मागणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरेल.