कराराचे शेवटचे कलम

मुलुंडहून ऐरोलीच्या पुलाने खाडी ओलांडणाऱ्या चाकरमान्यास पलीकडे संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती दिसतात. याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात एके काळी देशाच्या प्लास्टिक उद्योगाचा पाया घातला गेला, हे आज किती जणांना ठाऊक असेल? १९६१ साली मफतलाल उद्योगसमूह आणि शेल ही परदेशी तेल कंपनी यांच्या भागीदारीतून ‘नोसिल’ उभी राहिली. १९६८ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. खनिज तेलापासून मिळणारा नाफ्था प्रखर उष्णतेने फोडून इथिलीन काढावयाचे आणि त्यापासून प्लास्टिक घडवावयाचे, ही विद्या त्या काळी आपणांस नवी होती. घरातील पितळी बादली जाऊन प्लास्टिकची आली, तिच्यामागे असेच कारखाने होते.

या कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ६० हजार टन इथिलिनाची होती. आज नव्या कारखान्यांची क्षमता १० लाख टनांच्याही पुढे असते. १९९१ नंतर आयात शुल्क उतरत गेले आणि लहान कारखान्याचे गणित कोलमडले. परकी भागीदार निघून गेला, नाफ्त्याची भट्टी विझली. कंपनी रबरासाठी लागणाऱ्या रसायनांवर तगून राहिली. पण ज्या कामासाठी एवढा घाट घातला होता, ते काम संपले.

यात कोणास दोष द्यावा असे नाही. उद्योगालाही आयुष्याची मर्यादा असते. मात्र आपले करार कारखान्याच्या जन्माचाच विचार करतात, अखेरीचा करीत नाहीत. २०१८ साली सौदी आराम्को व अबुधाबीची अॅडनॉक यांनी रत्नागिरीतील ६ कोटी टनांच्या तेलशुद्धी व पेट्रोरसायन प्रकल्पासाठी आपल्या सरकारी तेल कंपन्यांशी करार केले. २०१९ मध्ये नाणारची भूसंपादन अधिसूचना रद्द झाली. २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षणावरून संघर्ष पेटला. वाद झाला तो जमीन द्यावी की न द्यावी, एवढ्यापुरताच. चाळीस वर्षांनी ती कोणत्या स्थितीत परत मिळेल, हा प्रश्न मागेच राहिला.

परकीय भांडवल व तंत्रज्ञान यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु भागीदार निघून गेल्यास माती व पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी सोसावा, कामगारांची देणी कोणत्या राखीव निधीतून भागवावीत, हे पहिल्या सहीआधीच लिहिलेले असावे. कराराचे हे शेवटचे कलम आधी वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.